बँडसॉचे दाते ठरतात जाडीवर, धातूवर नव्हे

महोदय,

लघुउद्योगांवरील आपल्या पुरवणीत बँडसॉ मशिनवर, म्हणजे धातू कापणाऱ्या पट्टा-करवतीवर, आलेल्या टिपणात ‘कठीण धातूला बारीक दात्यांचे ब्लेड, मऊ धातूला मोठ्या दात्यांचे’ असा सल्ला दिला आहे. हा समज इतका पसरलेला आहे की दुकानाच्या काउंटरवरही ‘एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) ब्लेड द्या’ एवढ्यावर व्यवहार उरकतो. प्रत्यक्षात इंचाला किती दाते, म्हणजे टीपीआय, हे कापल्या जाणाऱ्या जाडीवर ठरते. दात्याचे मटेरियल, ब्लेडचा वेग आणि फीड (ब्लेड मालात किती जोराने उतरवायचे ते) या तीन गोष्टी मात्र धातू पाहून ठरवाव्या लागतात.

४ टीपीआयच्या ब्लेडवर दोन दात्यांमध्ये सुमारे ६.३ मिमी अंतर असते. त्याच्याखाली ३ मिमी भिंतीचा पाइप आला की भिंत दोन दात्यांमधल्या खाचेत उतरते आणि पुढचा दाता तिच्यावर आदळतो. तो झडला की त्याचा भार मागच्यावर येतो, आणि बघता बघता ओळीने दाते झडत जातात. आता उलट बाजू पाहा. १०० मिमीच्या भरीव बारला १४ टीपीआय लावले तर पन्नासहून अधिक दाते एकाच वेळी धातूत असतात. प्रत्येकाच्या वाट्याला इतका कमी दाब येतो की दाता कापण्याऐवजी घासतो. बारीक खाचा कापलेल्या धातूच्या चिप्सनी गच्च भरतात, कट पुढे सरकत नाही म्हणून ऑपरेटर फीड वाढवतो, आणि ब्लेड वाट सोडून तिरके जाते. दोष मग मशिनला दिला जातो.

जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या मालात, एका वेळी किमान ३ दाते हवेत. भरीव मालात ६ ते १२ असले तर उत्तम, २४ च्या पुढे जाऊ नये. या हिशेबाने २५ मिमी भरीव बारला ८/१२, ५० मिमीला ४/६, १०० मिमीला ३/४ आणि २०० मिमीला २/३ टीपीआय बसते. दोन आकडे असलेल्या ब्लेडवर दात्यांचे अंतर कमी-जास्त असते, त्यामुळे थरथर आणि आवाज कमी होतो. गोल बारमध्ये कटची रुंदी शून्यापासून व्यासापर्यंत वाढून पुन्हा कमी होते, तिथेही अशी ब्लेड निभावून नेतात. ३ मिमीपर्यंत भिंतीच्या पातळ पाइपला १०/१४ घ्यावे.

जॉब कसा ठेवला यावरही बरेच अवलंबून असते. आडव्या मशिनवर ७५ × १० ची फ्लॅट पट्टी निजवून ठेवली तर कटची रुंदी ७५ मिमी, उभी केली तर फक्त १०. म्हणजे तोच माल, तेच मशिन, पण ब्लेड वेगळे. ५० × ५० × ६ चा अँगल कोपरा वर करून, छपरासारखा ठेवावा. तसा ठेवला की ब्लेड दोन्ही पाखांतून साधारण साडेआठ-साडेआठ मिमी सारखे कापत उतरते आणि ८/१२ चे सरासरी तीन दाते प्रत्येक पाखात राहतात. पाइपांचा गठ्ठा कापताना वरूनही क्लॅम्प लावावा. मधला एक पाइप जरी फिरला तरी दाते गेलेच.

आता धातू. एमएस (माइल्ड स्टील) आणि ईएन-८ (मध्यम कार्बनचे पोलाद) साठी एम-४२ दात्यांचे बाइमेटल ब्लेड पुरते. मागची पट्टी लवचीक पोलादाची आणि दात्यांची कड ८ टक्के कोबाल्ट असलेल्या हायस्पीड स्टीलची, अशी त्याची रचना असते. स्वस्त कार्बन स्टीलचा दाता दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे नरम पडू लागतो, त्यामुळे रोजच्या उत्पादनात तो महागच पडतो. एमएसला वेग मिनिटाला ६० ते ८० मीटर, ईएन-२४ या मिश्र पोलादाला ४० ते ५५, डी-२ या टूल स्टीलला २५ ते ३० ठेवावा. टायटॅनियम आणि निकेलच्या मिश्रधातूंचे काम नियमित असेल तर अतिकठीण कार्बाइड टिपचे ब्लेड घ्यावे, मात्र ते पेलणारे दणकट मशिन हवे.

खूप ब्लेड खाते ते ३०४ स्टेनलेस. भीतीपोटी लोक फीड अगदी हलका ठेवतात आणि नेमके तिथेच बिघडते. या धातूवर दाता नुसता घासला की पृष्ठभाग कडक होतो, आणि पुढच्या दात्याला तो कडक थर कापावा लागतो. वेग ३० ते ४० मीटरवर आणावा, पण फीड ठाम ठेवावा. कट अर्ध्यावर थांबवू नये आणि कूलंट (कट गार ठेवणारे तेल-पाणी) सलग पडू द्यावे. भरीव बारला १० अंश कलाचा, पुढे झुकलेला हुक दाता घ्यावा.

बिडाच्या कास्टिंगचा हिशेब निराळा. चिप्सऐवजी कीस पडतो, त्यामुळे सरळ, शून्य कलाचा दाता चालतो आणि कूलंट न वापरताही काम होते. कोल्हापूर-शिरोलीच्या फाउंड्रीत रायझर (ओतकामात कास्टिंगवर उरणारा जादा धातू) कापताना ब्लेडची धार जाते ती बहुधा कास्टिंगच्या कातडीत अडकलेल्या वाळूने, म्हणून शॉटब्लास्टिंग (छर्‍यांच्या माऱ्याने सफाई) आधी करावे. अ‍ॅल्युमिनियम मऊ म्हणून सोपे वाटते, पण एलएम-६ या ओतीव मिश्रधातूमध्ये १० ते १३ टक्के सिलिकॉन असते आणि ते धार झिजवते. सतत काम असेल तर तिथेही कार्बाइड परवडते.

नवे ब्लेड लावल्यावर वेग नेहमीचा ठेवून फीड निम्मा करावा. एमएसमध्ये १०० मिमी बारचे चार-पाच कट असे काढले की कोवळी धार बसते, मग फीड हळूहळू वाढवावा. बहुतेक ठिकाणी ही पायरी वगळली जाते. आणि ब्लेड मध्येच बदलावे लागले तर नवे ब्लेड जुन्या कटमध्ये कधीही घालू नये. झिजलेल्या ब्लेडने केलेली चीर अरुंद असते, नव्याचे दाते तिथे अडकतात. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूने सुरू करावे.

फीड बरोबर आहे का, हे चिप्स सांगतात. कोमट, चंदेरी, वळलेल्या चिप्स पडल्या तर ठीक. पावडर पडत असेल तर फीड वाढवा. निळ्या, जाड चिप्स दिसल्या तर फीड किंवा वेग कमी करा. दात्यांतल्या चिप्स झाडणाऱ्या चिप ब्रशचे तार दात्यांच्या खाचेच्या तळापर्यंत पोहोचायला हवेत. हा ब्रश झिजलेला असूनही महिनोन्‌महिने बदलला जात नाही, हे अनेक शॉपमधले दृश्य आहे. कूलंटमध्ये तेल ८ ते १० टक्के ठेवावे, आणि मिसळताना तेल पाण्यात घालावे, पाणी तेलात नव्हे.

ऑर्डर देताना ब्लेडची लांबी, रुंदी व जाडी (उदाहरणार्थ रुंदी-जाडी २७ × ०.९ मिमी), टीपीआय आणि दात्याचा कल लिहावा. सोबत कापायचा धातू, भरीव की पोकळ आणि भिंतीची जाडीही कळवावी. नुसत्या धातूच्या नावावर दुकानदार देईल ते ब्लेड अंदाजाने दिलेले असते.

आपला,
एक वाचक
शिरोली औद्योगिक वसाहत, कोल्हापूर