क्यूचा पैसा मागे, खेळ पुढे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पूल खेळणाऱ्याचा खेळ एका टप्प्यावर अडला की त्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'आता कस्टम क्यू घे', म्हणजे बॉल मारायची काठी कारागिराकडून खास बनवून घे. क्रीडापानांवरही एखाद्या खेळाडूच्या क्यूबद्दल येते ते लाकडाचे नाव, नक्षी आणि किंमत. आम्ही क्यू दुरुस्तीचे आणि खेळ शिकवण्याचे काम करतो. या सल्ल्यामुळे शिकाऊ खेळाडूंचे पैसे चुकीच्या टोकाला खर्च होतात असे आमचे स्पष्ट मत आहे, म्हणून हे पत्र.

टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरचे चामडे, आणि पांढरा बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच टिकतो. साइड देऊन, म्हणजे बॉलच्या मध्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे, मारताना शाफ्टचे (क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाचे) टोक आडवे ढकलले जाते, पण तो आडवा धक्का लाकडातून फार मागे पोचायच्या आत बॉल सुटून गेलेला असतो. म्हणून पांढरा बॉल रेषेपासून किती सरकणार, हे टिपपासूनच्या साधारण 15 ते 20 सेंटिमीटर भागाच्या वजनावर ठरते. मागच्या जाड भागात, म्हणजे बटमध्ये, आबनूस आहे की साधे मेपल, नक्षी हाताने बसवली आहे की छापील, याचा त्यात काही संबंध येत नाही. बटचे काम वजन, तोल आणि पकडीची जाडी एवढेच. आणि कस्टम क्यूच्या किमतीतला मोठा वाटा याच बटवर, त्यातल्या टोकदार सांध्यांवर आणि जडावाच्या कामावर खर्च झालेला असतो.

कस्टम क्यूच्या इतिहासातले सर्वांत आदराने घेतले जाणारे नाव जॉर्ज बालाबुष्का (1912–1975) यांचे. त्यांच्या सुरुवातीच्या कित्येक क्यू ब्रन्सविक कंपनीच्या 'टायटलिस्ट' या कारखानी क्यूच्या लाकडातून घडवलेल्या होत्या. ही क्लबच्या भिंतीवर टांगलेली एकसंध क्यू. बालाबुष्कांनी ती कापली, दोन भाग जोडणारा जॉइंट बसवला, शाफ्ट नव्याने केला. कारखान्याच्या लाकडात खोट नव्हती, पुढचे काम नीट व्हायचे होते. स्नूकरमधले उदाहरण आणखी बोलके आहे. स्टीफन हेंड्री याने 1990 ते 1999 या काळात 7 जागतिक विजेतेपदे मिळवली ती लहानपणापासून हातात असलेल्या 40 पौंडांच्या कारखानी क्यूवर. 2003 मध्ये विमानप्रवासात ती मोडली.

आता बॉल सरकण्याचा मुद्दा, कारण खरे पाणी तिथेच मुरते. साध्या मेपल शाफ्टने भरपूर साइड देऊन जोरात मारले तर पांढरा बॉल साधारण 2 अंशांनी साइडच्या विरुद्ध बाजूला जातो. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण 180 सेंटिमीटर अंतरावर त्याचे 6 सेंटिमीटर होतात आणि बॉलचा व्यासच 57.15 मिलिमीटर आहे. म्हणजे समोरचा बॉल अख्खा चुकू शकतो. हे सरकणे कमी करायचे तर टोक हलके करावे लागते: आतून पोकळ करून, फेरूल (टिपच्या खालचे टोपण) आखूड ठेवून, व्यास कमी करून किंवा कार्बन फायबर वापरून. असे शाफ्ट 1990 च्या दशकात प्रिडेटर कंपनीने बाजारात आणले आणि ते कारखान्यातच तयार होतात. उलट जुन्या पद्धतीची कस्टम क्यू, म्हणजे भरीव मेपल, 13 मिलिमीटर टिप आणि इंचभर फेरूल, तशाच मापाच्या स्वस्त क्यूइतकीच बॉल सरकवते.

हलका शाफ्ट हवाच असेल तर तो स्वस्त बटवरही चढतो. अट एकच, जॉइंटचे आटे जुळले पाहिजेत. शाफ्ट ज्यावर फिरवून बसतो त्या पाचसोळांश इंच जाडीच्या पिनचे दोन प्रकार सर्रास दिसतात, एकाला इंचात 14 आटे, दुसऱ्याला 18. लांबून दोन्ही सारखेच वाटतात. 18 च्या पिनवर 14 चा शाफ्ट दोन फेऱ्या फिरतो आणि अडकतो. तिथे जोर लावला की शाफ्टमधली आट्यांची पितळी नळी कायमची बिघडते. तीनअष्टमांश इंचाची, 10 आट्यांची पिन तिसरी. पट्टी धरून आटे मोजावेत, मगच शाफ्ट मागवावा.

आणि हलका शाफ्ट प्रत्येकाला फायद्याचाच असतो असेही नाही. स्ट्रोक नकळत वाकडा जातो तेव्हा क्यू ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकून क्यूला आधार देणाऱ्या, हाताभोवती फिरते: एकीकडे दिशा बिघडते, दुसरीकडे नको असलेली साइड लागते. शाफ्टच्या सरकवण्याचे प्रमाण आणि ब्रिजचे टिपपासूनचे अंतर जुळले तर या दोन चुका एकमेकींना खातात. साध्या मेपल शाफ्टसाठी हे अंतर बहुतेकांच्या नेहमीच्या ब्रिजच्या, म्हणजे 20 ते 30 सेंटिमीटरच्या, आसपास येते. हलक्या शाफ्टसाठी ते त्याहून लांब जाते. त्यामुळे साइड फारशी न वापरणाऱ्या आणि स्ट्रोक अजून पक्का न झालेल्या खेळाडूला साधा शाफ्टच जास्त सांभाळून घेतो. ही गोष्ट विक्रेते सांगत नाहीत, पण शिकवणाऱ्यांनी तरी सांगायला हवी.

मग स्वस्त क्यू कुठे कमी पडते? पडते, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पातळ पत्र्याचा जॉइंट, स्क्रूने बसणारी टिप आणि कोणते लाकूड हे विक्रेत्यालाही न सांगता येणारा शाफ्ट, अशी खेळणेवजा क्यू घेऊच नये. आम्ही बोलतो आहोत ते कारखान्यातल्या साध्या, नक्षी नसलेल्या मेपल क्यूबद्दल. त्यातही एका मापाच्या दहा क्यू दहा तऱ्हेच्या निघतात, म्हणून ती निवडून घ्यावी लागते. नाचता येईना अंगण वाकडे म्हणण्याआधी अंगण खरोखरच वाकडे नाही ना, हे पाहण्याची रीत अशी.

आधी शाफ्ट एकटा टेबलावर लोळवा, मग बट एकटी, मग दोन्ही जोडून. क्यू निमुळती असल्याने खाली फट दिसणारच. ती फट लोळताना तेवढीच राहिली तर क्यू सरळ, उघडमीट करू लागली तर वाकडी. जागा बदलून पुन्हा पाहा, कारण टेबलही दगा देते. दोन्ही भाग वेगवेगळे सरळ आणि जोडल्यावर डुलतात, तर जॉइंटचा पृष्ठभाग तिरका आहे किंवा पिन मध्यावर नाही. अशी क्यू दुरुस्तीच्या भानगडीत न पडता परत ठेवावी. मग शाफ्टच्या लाकडातल्या रेषा पाहा. त्या टिपपासून जॉइंटपर्यंत लांबीने जायला हव्यात. पुढच्या 30 सेंटिमीटरमध्येच त्या कडेने बाहेर पडत असतील तर शाफ्ट तिथे कधी ना कधी वाकणार किंवा तडकणार.

शेवटी जोडलेली क्यू जॉइंटखाली सैल धरून बटवर मुठीने हलकेच ठोका. खरखर किंवा झिणझिण ऐकू आली तर लोक म्हणतात, 'स्वस्त आहे ना, हिट मेलेली'. बहुतेक वेळा दोष हिटचा, म्हणजे फटक्याच्या हाताला येणाऱ्या जाणिवेचा, नसतो, बटच्या मागच्या रबराआड असलेला वजनाचा बोल्ट सैल झालेला असतो. रबर काढून लांब पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने तो आवळला की पाच मिनिटांत आवाज बंद. बोल्ट बदलून वजनही हलवता येते. बहुतेक खेळाडू 18 ते 21 औंस, म्हणजे साधारण 510 ते 595 ग्रॅमची क्यू वापरतात. नियमांची मर्यादा 25 औंस आहे. मात्र जड बोल्टने तोल मागे सरकतो हे ध्यानात ठेवावे. बोल्ट घट्ट असूनही आवाज येत असेल तर फेरूल हाताने पिळून पाहा. सैल किंवा केसासारखी चीर गेलेली फेरूल बदलावीच लागते.

सर्वांत मोठा फरक टिपचा. स्वस्त क्यूवरची टिप मऊ चामड्याची असते, आठवडाभरात पसरते आणि छत्रीसारखी कडेने बाहेर येते. क्यूच्या किमतीच्या मानाने चांगली थरांची टिप फारच स्वस्त पडते आणि ती बसवणे शिकता येते. जुनी टिप पात्याने काढा. फेरूलचे तोंड सपाट ठोकळ्यावर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून अगदी सपाट करा. हीच पायरी लोक चुकतात. शाफ्ट हातात डुलला की कडा गोल होतात, गोंद फक्त मध्यभागी धरतो आणि चार दिवसांत टिप उडते. नव्या टिपचा तळही थोडा खरखरीत करा. जेलसारखा सायनोॲक्रिलेट गोंद (सुपरग्लू) पातळ लावा. जास्त लावला तर तो चामड्यात शिरून टिप दगडासारखी करतो. मध्यावर बसवून मिनिटभर घट्ट दाबा आणि घाई नसेल तर रात्रभर तशीच ठेवा. मग फेरूलला चिकटपट्टी गुंडाळा, शाफ्ट उलटा करून टिप लाकडी फळीवर टेकवा आणि धारदार पात्याने बाहेर आलेली कड खाली दाबत कापा. कडा 400 आणि मग 600 नंबरच्या पेपरने गुळगुळीत करून ओलसर चामड्याने घासल्या की त्या टणक होतात आणि टिप कमी पसरते. वरचा घुमट 9 ते 10.5 मिलिमीटर त्रिज्येचा ठेवा.

घुमट सपाट राहिला की साइड देताना टिपची कडच बॉलला लागते आणि मिसक्यू होतो, म्हणजे टिप बॉलवरून घसरते. पण घुमट, चॉक सगळे उत्तम असले तरी बॉलच्या मध्यापासून साधारण 14 मिलिमीटर, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्या अंतरापलीकडे कोणतीच टिप धरत नाही. 'महाग क्यूने स्क्रू (पांढरा बॉल मागे आणणारी फिरकी) जास्त येतो' या समजुतीला इथे उत्तर मिळते. बॉल तेवढ्याच खाली, तेवढ्याच वेगाने मारला तर फिरकीही तेवढीच.

शाफ्टवरचा जाड लॅकर घामाने चिकटतो, तो काढावा. 600 आणि मग 1500 नंबरच्या पेपरने लांबीच्या दिशेने हलक्या हाताने घासा, सुक्या कापडाने पुसा, चामड्याने शाफ्ट कोमट होईपर्यंत घासून वर थोडे मेण लावा. दर आठवड्याला पेपर मारू नये, 13 मिलिमीटरचा शाफ्ट बघता बघता 12.5 होतो. पाणी तर लावूच नये, लाकडाचे तंतू उभे राहतात.

एवढे केल्यावर तुलना करावी, आणि ती डोळे झाकून करावी. दोन्ही क्यूंचे वजन 10 ग्रॅमच्या आत, टिप एकाच प्रकारची, व्यास आणि घुमट सारखा. बटवर कापड गुंडाळून दुसऱ्याने क्यू हातात द्यायची. दहा-दहा शॉटच्या फेऱ्या, क्रम आलटून पालटून, प्रत्येक क्यूला किमान 50 शॉट: स्टॉप (पांढरा बॉल जागीच थांबवणे), फॉलो (पुढे नेणे), स्क्रू, साइड. पडलेले बॉल आणि पांढरा बॉल कुठे थांबला ते लिहून ठेवायचे. नेहमी होणारी तुलना अशी नसतेच. एकीकडे रोज हाताळलेली स्वतःची कस्टम क्यू, दुसरीकडे दहा जणांच्या हातातून फिरलेली, टिप चपटी झालेली क्लबची क्यू. त्यात किमतीची नाही, सवयीची परीक्षा होते. स्वतःची साधी क्यू तीन महिने रोज वापरून मग मत द्यावे.

कस्टम कारागिराचे श्रेय आम्ही नाकारत नाही. चांगला कारागीर शाफ्ट एका दमात खरादत नाही. थोडा उतरवून महिनोन्महिने टांगून ठेवतो, लाकूड वाकायचे तर तेव्हाच वाकते आणि बाद होते. म्हणून त्याचा शाफ्ट वर्षानुवर्षे सरळ राहण्याची शक्यता जास्त. फार उंच किंवा लहान हातांच्या खेळाडूला लांबी, पकड, निमुळतेपणा मापाने करून मिळतो. या दोन कारणांसाठी किंवा निव्वळ सुंदर वस्तू हवी म्हणून कस्टम क्यू जरूर घ्यावी. पॉट, म्हणजे पॉकेटमध्ये पडणारे बॉल, वाढतील म्हणून घेऊ नये.

आपल्याला विनंती एवढीच, की क्रीडापानावर खेळाडूच्या क्यूचा उल्लेख येईल तेव्हा किमतीऐवजी टिपचा व्यास आणि प्रकार, शाफ्टचा निमुळतेपणा, वजन आणि तोलाचा बिंदू छापावा. तोल मोजायला क्यू एका बोटावर आडवी ठेवून मागच्या टोकापासूनचे अंतर पट्टीने पाहिले की झाले. पूलच्या क्यूत ते बहुधा 18 ते 19 इंच भरते.

आपले,
क्यू दुरुस्ती व प्रशिक्षणाचे काम करणारे काही वाचक