मलिक अंबर शिकवायला मदत करणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,
सादर नमस्कार.

हे पत्र जाहीरच लिहितेय, कारण समोर येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा मागवता. पाणीपुरवठ्यात लाइनमन म्हणून उभी नोकरी काढलेल्या माणसाने माझ्या सातवीच्या इतिहासाला केवढा हात दिला, हे आमच्या मास्तरमंडळींनाही कळू दे.

मलिक अंबर पुस्तकात थोडक्यात येतो, पण वर्गात त्याच्यावरून जेवढी जुंपते तेवढी दुसऱ्या कुणावरून नाही. ‘बाई, तो आपला की त्यांचा?’ हा प्रश्न मुलं घरूनच घेऊन येतात. मग मी १६२४ ची भातवडीची लढाई सांगते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी. समोर मुघल आणि आदिलशाही, आणि मुघलांच्या फौजेत लखुजी जाधवराव, म्हणजे खुद्द शहाजीराजांचे सासरे. शरीफजी तिथेच पडले. आता आपले आणि त्यांचे असे दोन रकाने पाडा आणि नावं लिहा, म्हटलं की फळ्यावर गोंधळ उडतो. मुलं हसतात, कोड्यात पडतात. पण संध्याकाळी घरी गेली की रकाने पुन्हा जागच्या जागी. घरच्या मोबाइलपुढे माझा खडू किती पुरणार?

दुसरी अडचण रंगाची, आणि ती जास्त बोचरी. हा माणूस इथिओपियात जन्मला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार करत अहमदनगरला पोचला. ज्याने त्याला विकत घेतलं तो चंगेजखान निजामशाहीचा पेशवा, आणि तोही हबशीच. एवढं सांगून होतं न होतं तोच मागच्या बाकावरून एका सावळ्या मुलीला ‘ए हबशी’ अशी हाक आली. वर्ग खिदळला. मी रागावले, पण रागावण्याने काय होतं ते आपल्याला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी जहांगीर बादशहाचं ते चित्र दाखवलं. भाल्यावर मलिक अंबरचं छाटलेलं मुंडकं, आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. असं कधीच घडलं नव्हतं. अंबर हाती लागेना म्हणून चित्रात मारला. बादशहाने आपल्या आठवणींत त्याच्या काळ्या रंगावरून शिव्याही घातल्या आहेत. मुलं गप्प झाली, पण चित्र बघून गप्प होणं वेगळं आणि माणूस डोळ्यांपुढे उभा राहणं वेगळं.

तो तुम्ही उभा केलात. उत्तरेच्या डोंगराकडून नहर-ए-अंबरी, म्हणजे मलिक अंबरने शहराला पाणी आणायला बांधलेला कालवा, कशी येते हे दाखवायला तुम्ही आमच्याबरोबर उन्हात निघालात. मी मुलांना कमान, नक्षी असं काहीबाही दाखवत होते तर तुम्ही म्हणालात, ‘मॅडम, ऊपर मत देखो, नीचे देखो.’ मग खापरी नळ, उतार किती ठेवलाय, हवा कोंडली तर पाणी अडतं म्हणून मधे मधे बांधलेले खांब, साफ करायला ठेवलेली तोंडं, एकेक करून. ना पंप, ना वीज. चारशे वर्षांपूर्वीचं हे काम आणि आज आम्ही जायकवाडीहून पाणी चढवतो नि नळाला दिवसांआड येण्याची वाट बघतो! मुलांना हा हिशोब लगेच कळला, कारण ड्रम भरायची पाळी त्यांच्याच घरात असते. पाण्याला धर्म नसतो वगैरे तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. याच माणसाने भातवडीला तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडलं होतं, हे मी सांगितल्यावर तुम्ही मान डोलावून म्हणालात, ‘पानी समझनेवाला आदमी था.’ माझ्या वर्गातलं मलिक अंबरचं सगळ्यात नेमकं वर्णन तेच ठरलं. ती मुलगी पुढे होऊन तुम्हाला विचारत होती की उतार मोजायचा कसा. हाक मारणारा पोरगा तिच्या मागेच उभा होता, तोंड बंद ठेवून.

भडकल गेटला तर तुम्ही माझंच काम हलकं केलंत. १६१२ चा दरवाजा, मलिक अंबरने मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून बांधलेला, आणि शेजारी बाबासाहेबांचा पुतळा. १९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय काढलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे पुढारी ड्यू बॉइस यांना त्यांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकनांना. हे धागे मी वर्गात जोडते तेव्हा मुलं जांभया देतात. तिथे तुम्ही नुसतं सांगितलंत की मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव दिलं त्या नामांतरानंतर दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटकडे टँकर लावायची ड्यूटी तुमची असायची आणि लोक कुठकुठून चालत यायचे. मग प्रश्नच प्रश्न. नाव बदलायला एवढी वर्षं का लागली? लोक कशासाठी मेले? आपल्या शहराचं नाव किती वेळा बदललं? खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. मी सगळी फळ्यावर लिहिली, सालांसकट. कोणतं बरोबर ते नाही लिहिलं. परीक्षेच्या पेपरात कोणतं लिहायचं तेवढं सांगितलं.

एका पालकाचा फोन आला होता, ‘त्या माणसाला कशाला नेलं?’ हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी नको. चाचा, पुढच्या वर्षी हवंच. त्या पालकांनाही बोलावणार आहे, त्यांच्याकडे जीप आहे. खुलताबादला जायचंय. तिथल्या एका कबरीवरून अख्खा महाराष्ट्र भांडतो, आणि १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबरही तिथेच आहे, त्याच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. तुमचा गुडघा चढणीला साथ देणार नाही, म्हणून जीप.

तुमची नकाशांची वही सोबत पाठवतेय, झेरॉक्स शाळेच्या कपाटात ठेवली आहे. शेवटच्या पानावर लाल पेन्सिलीने गोल केलेली जागा आम्हाला सापडली नाही. तिथे आता बहुतेक अपार्टमेंट आहे. खात्री करून कळवा.

तुमची,
सातवीच्या इतिहासाची बाई