परदेशातील सेवादौऱ्यावर आमच्या मुलांसोबत राहिलेल्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

तरुण संघाचा परदेशातील सेवादौरा पार पडला, मुले सुखरूप परतली आणि उपासनेत आपले आभारही मानले गेले. तरीही आपण नेमके काय केले हे सर्वांपर्यंत पोहोचलेले नाही, म्हणून एक पालक या नात्याने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपले काम निघण्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, अल्पवयीन मुलांसाठी आईवडील दोघांच्या सह्यांचे संमतिपत्र तयार आहे ना, दम्याचा पंप नेमका कोणत्या पिशवीत ठेवणार, हे सारे आपण घरोघरी फोन करून विचारलेत. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनीच ग्राह्य धरले जाते, हे आम्हा पालकांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. ते आपण वेळेत सांगितलेत म्हणून सर्वांचे जाणे होऊ शकले.

मला सर्वाधिक कृतज्ञता वाटते ती मात्र आपण कार्यक्रमातून वगळलेल्या एका गोष्टीबद्दल. तिथल्या अनाथाश्रमात जाऊन मुलांचे खेळ घ्यावेत, असा आमच्यापैकी अनेकांचा आग्रह होता. आपण शांतपणे, पण ठामपणे नकार दिलात. अशा संस्थांमधील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. ती मुले येणाऱ्या पाहुण्यांना पटकन जीव लावतात आणि पाहुणे थोड्याच दिवसांत निघून जातात. हे पुन्हा पुन्हा घडले की त्याचे दुःख त्या लेकरांच्याच वाट्याला येते, असे आपण समजावून सांगितलेत. त्याऐवजी यजमान मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, कशाची गरज आहे हे आपण पत्र लिहून विचारलेत, आणि शाळेची पडलेली भिंत बांधायची आहे असे उत्तर येताच स्थानिक गवंड्याची मजुरी दौऱ्याच्या खर्चात धरायला लावलीत, जेणेकरून आमच्या मुलांच्या सेवेमुळे कोणाचा रोजगार बुडू नये.

मुलांनी वाळू चाळली, पाट्या वाहिल्या, माल कालवला. माझी मुलगी सांगते की त्यांनी रचलेला विटांचा पहिला थर वाकडा झाला, तेव्हा गवंड्याने काही न बोलता ओळंबा लावून दाखवला आणि सारा थर उतरवला. मुलांचे चेहरे पडले, पण आपण मध्ये पडला नाहीत. त्याच मुलांनी तो थर त्याच्या देखरेखीखाली पुन्हा रचला. सोबत गेलेल्या मोठ्या माणसाला असे बाजूला उभे राहणे किती कठीण जाते, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

एक मुलगा घरच्या आठवणीने खचला होता आणि परत जाण्याचा हट्ट धरून बसला होता. आपण त्याला रागावला नाहीत की उगाच धीराचे शब्दही दिले नाहीत. बायबलमधल्या मार्काबद्दल त्याला सांगितलेत, जो प्रेषित पौल आणि बर्णबा यांच्यासोबत सेवादौऱ्यावर निघून पिर्गा या गावातून अर्ध्या वाटेवर माघारी फिरला होता: पौल त्याला पुन्हा सोबत न्यायला तयार नव्हता, बर्णबा मात्र त्याला घेऊन कुप्र बेटावर गेला, आणि पुढे तुरुंगात असताना पौलानेच त्याला बोलावून घ्यायला सांगितले. जायचे असेल तर तिकिटाची व्यवस्था करते, असेही आपण म्हणालात. तो मुलगा थांबला. त्या मंडळीच्या उपासनेत शास्त्रपाठ त्यानेच वाचला.

आजारपणेही झाली. जुलाबाने बेजार झालेल्यांसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ कसे विरघळवायचे, हे आपण इतर मुलांना शिकवून त्यांच्याच हातून करवून घेतलेत. कोणतीही प्रौढ व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद खोलीत राहणार नाही, हा नियमही आपण स्वतःसह सर्वांना सारखाच लावलात.

परतल्यावर अहवाल आणि छायाचित्रे आपण आधी यजमान मंडळीकडे पाठवलीत आणि त्यांनी नको म्हटलेली छायाचित्रे काढून टाकलीत. त्यामागचा आदर मुलांनी टिपला आहे.

पुढील दौऱ्याचे फोन, अर्ज आणि वैद्यकीय माहिती गोळा करण्याचे काम आम्ही काही पालकांनी वाटून घ्यायचे ठरवले आहे. आपली जुनी यादी कृपया आमच्याकडे द्यावी.

आपली कृतज्ञ,
तरुण संघातील एका मुलीची आई