‘कोट्यातल्या डॉक्टर’ : सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एकोणीस वर्षे औषधनिर्माण अधिकारी होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. तपासणीच्या खोलीतून बाहेर पडलेल्या रुग्णाचा पहिला थांबा औषधाची खिडकी असते, त्यामुळे डॉक्टरांच्या माघारी काय बोलले जाते ते सगळे आमच्या कानावर पडते.

आमच्या केंद्रात गोंड समाजातील एक तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाल्या. पहिले काही आठवडे बायाबापड्या त्यांनाच विचारत, “सिस्टरबाई, मोठे डाक्टर कोठी गेले?” हा गैरसमज होता आणि तो दोन भेटींत फिटला. आडनाव कळल्यावर जे सुरू झाले ते मात्र फिटले नाही. शिकलीसवरली, चारचाकीतून येणारी माणसे चिठ्ठी घेऊन खिडकीशी येत आणि हळूच म्हणत, “औषध बराबर हाये ना, भाऊ? कोट्यातल्या हायेत म्हणे.” या मॅडमच्या आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडून अशी कुणी तपासून घेतली नव्हती, आणि त्या चिठ्ठ्यांतल्या चुका मी पाहिलेल्या आहेत.

मीही धुतल्या तांदळाचा नाही. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतरच्या एका हंगामात माझ्या पुतण्याला कपाशीवर फवारताना विष चढले. बुबुळातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर. मी मॅडमना म्हणालो, “वेळ घालवू नका, सरळ जिल्ह्याला पाठवा.” त्यांनी मला उत्तर दिले नाही. पोराचे कपडे काढायला लावून अंग साबणाने धुवून घेतले, शिरेतून ॲट्रोपिन हा विषावरचा उतारा सुरू केला आणि दर पाच मिनिटांनी छातीला स्टेथोस्कोप लावून डोस वाढवत नेला. ॲम्प्युल फोडून देणारा मीच होतो. छातीतली घरघर थांबली, नाडी सुधारली, तेव्हाच त्याला १०८मध्ये घातले, आणि त्या स्वतः सोबत गेल्या. आधीचे डॉक्टर असते तर मी तोंड उघडले असते का? नसते.

महोदय, हा संशय ज्या आधारावर उभा आहे तो तपासून पाहावा. नीट-यूजीच्या, म्हणजे एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेच्या, पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीव प्रवर्गाला ४० पर्सेंटाइल लागते. सवलत आहे ती प्रवेशाच्या दारात. त्यानंतर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम तोच, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा तीच, उत्तीर्ण होण्याची अट एकच आणि आंतरवासिताही तीच. उलट २०२३मध्ये पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता सर्वच प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, तेव्हा त्यातून विशेषज्ञ होणाऱ्यांच्या दारात कुणी गुणपत्रिका मागितल्याचे मी ऐकलेले नाही. मोठी फी भरून मिळवलेल्या जागांबद्दल तर बोलायलाच नको.

हा प्रश्न केवळ खेड्यातल्या अडाणीपणाचा आहे, असे समजण्याचीही सोय नाही. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करायला २००६ साली समिती नेमावी लागली. तिचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात आपल्याच अमरावती जिल्ह्यातले.

आपल्या विभागाच्या हातात काय आहे, तेवढेच मागतो. बिंदुनामावलीसाठी, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे हे ठरवणाऱ्या तक्त्यासाठी, प्रवर्गाची नोंद लागते हे मला मान्य आहे, पण प्रवर्गाचा रकाना असलेली ज्येष्ठता यादी केंद्राच्या भिंतीवर चिकटवण्याचे आणि कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरवण्याचे कारण काय? आमच्याकडे ‘कोट्यातल्या’ हा शब्द रुग्णांच्या आधी कर्मचाऱ्यांच्याच तोंडी आला होता, आणि तो त्या यादीवरूनच आला. ती यादी आस्थापनेच्या कपाटात राहू द्या. भिंतीवर प्रत्येक डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक लावा. आणि जातीवरून टोमणे मारणाऱ्या सहकाऱ्याची किंवा वरिष्ठाची तक्रार जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडे करता येईल अशी सोय करा. अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९पासून आहे, पण अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर असलेली चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, जिचा गोपनीय अहवाल त्याच वरिष्ठाने लिहायचा आहे, ती पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही.

त्या मॅडम पुढे पदव्युत्तर शिक्षणाला गेल्या. जाण्याआधीच्या वर्षभरात गोंड वस्त्यांमधल्या गरोदर बाया स्वतःहून तपासणीला यायला लागल्या होत्या, कारण आपले दुखणे त्यांना गोंडीत सांगता येत होते. त्यांच्या जागी आता नवे डॉक्टर आले आहेत. माझ्यानंतर खिडकीवर बसणारा मुलगा सांगत होता की त्यांचे आडनाव विचारून घ्यायला लोकांनी दोन दिवसही लावले नाहीत.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी,
जि. यवतमाळ