लीड्सहून मामाला: जुनं माल्ट, जुने हॉप्स

लीड्स, २० सप्टेंबर

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

इकडे केंट आणि वूस्टरशरमध्ये हॉप्सची, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांची, तोडणी सुरू झाली आहे. नवा माल दुकानात येण्याआधी जुना संपवायचा, म्हणून मी बिअरचं सगळं सामान ओट्यावर मांडलं. पाककृतीला तीस ग्रॅम हॉप्स लागतात आणि पाकीट मिळतं शंभर ग्रॅमचं, त्यामुळे उरलंसुरलं साठतच जातं. त्यात खालच्या मजल्यावरचे शेजारी घर सोडून गेले आणि जाताना त्यांचा खोकाभर माल मला देऊन गेले. आजीच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला असं काही कचऱ्यात टाकवत नाही. पण सगळं एका पातेल्यात ओतणंही मला पटत नाही. प्रत्येक जिनसाचं वयाबरोबर काय गेलं आणि काय उरलं ते आधी बघायचं, आणि जे उरलं असेल तेवढंच काम त्याला द्यायचं. तू आयुष्यभर पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) हेच केलंस, म्हणून तुलाच सविस्तर लिहिते.

माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, परीक्षा दाताखाली होते. अख्खा दाणा कोरड्या, हवाबंद डब्यात वर्षभर सहज टिकतो. भरडलेला मात्र काही आठवड्यांतच उतरू लागतो. चावल्यावर कुरकुरीत तुटला आणि गोडसर लागला तर चांगला, चिवट लागला तर त्याने ओल धरलेली असते. शेजाऱ्यांचं फिकं माल्ट जरासं मरगळलेलं होतं. ते मी निम्म्याला निम्मं नव्यात मिसळलं, कारण ताज्या माल्टमधलं डायास्टेज (स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स) स्वतःच्या स्टार्चला पुरून उरतं आणि जुन्याचंही भागवतं. काळं भाजलेलं माल्ट सरळ वापरलं. त्यातली एन्झाइम्स भाजतानाच गेलेली असतात, आपण वापरतो ते रंगासाठी आणि चवीसाठी. ओट्सचे पोहे खवट झाले होते, ते टाकले. खवटपणा उकळून जात नाही, तो थेट बाटलीपर्यंत येतो.

हॉप्सचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. कडूपणा येतो तो अल्फा आम्लांपासून, उकळताना त्यांची रचना बदलते तेव्हा. पण हवा आणि उष्णता लागली की ही आम्लं आधीच झिजत जातात. कॅस्केड जातीचे हॉप्स २० अंशांवर सहा महिने ठेवले तर जवळजवळ निम्मी आम्लं उडून जातात. मॅग्नम ही जात बरेच दिवस तग धरते. शेजाऱ्यांच्या कॅस्केडवर ६ टक्के छापलं होतं. मी ३ टक्के धरून हिशेब केला आणि हॉप्स दुप्पट घातले, तेही उकळीच्या सुरुवातीलाच. सुगंधासाठी शेवटी घालायचे असते तर चालले नसते. जुन्या हॉप्सना चीजसारखा, घामट वास येतो, आयसोव्हॅलेरिक आम्लाचा. तासभराच्या उकळीत तो बराचसा उडून जातो. गार बिअरमध्ये टाकले तर तसाच राहतो.

आणि गंमत बघ मामा, ब्रुसेल्सच्या आसपास लँबिक नावाची बिअर करतात, तिच्यासाठी हॉप्स मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने करतात. त्यांना कडूपणा नकोच असतो. ती बिअर आंबते हवेतल्या रानटी यीस्टवर आणि जिवाणूंवर, मग वर्ष-दोन वर्षं लाकडी पिंपांत मुरते. हॉप्स हवेत ते नको त्या जिवाणूंना आवर घालण्यापुरते, आणि तेवढा दम जुन्या हॉप्समध्ये शिल्लक असतो. ज्याला बाकीचे उतरलेला माल म्हणतात, त्यावर त्या लोकांनी अख्खी परंपरा उभी केली. मला याचं फार कौतुक आहे.

आता यीस्ट. हा तुझा प्रांत. कोरडं यीस्ट फ्रिजमध्ये दोनेक वर्षं नीट राहतं, पण द्रवरूप यीस्टमधल्या सुमारे वीस टक्के पेशी दर महिन्याला मरतात असं धरून चालतात. तू शिकवलेली मिथिलीन ब्लूची परीक्षा केली: मेलेल्या पेशी निळ्या, जिवंत बिनरंगाच्या. जुन्या पाकिटात निळ्यांचीच गर्दी होती, तरी थोड्या जिवंत दिसल्या. त्यांना आधी पाव लिटर पातळ वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची आंबून बिअर होते) दिलं, मग लिटरभर (लिटरला शंभर ग्रॅम कोरडा माल्ट अर्क). दोन दिवसांत तळाशी पांढरा गाळ जमला. ज्या पाकिटात काहीच उरलं नव्हतं, ते उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत वर्टमध्येच टाकलं. मेलेलं यीस्ट जिवंत यीस्टला खाऊ म्हणून चालतं. अशक्त यीस्टचं एक मात्र सांभाळावं लागतं. ते मध्येच थांबतं, आपल्याला वाटतं आंबवण संपलं, आणि भरलेल्या बाटल्यांत ते पुन्हा सुरू होऊन बाटल्या फुटतात. म्हणून हायड्रोमीटरचा (बिअरची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा सलग तीन दिवस हलला नाही, तेव्हाच बाटल्या भरल्या.

झाली ती पोर्टर, म्हणजे काळी इंग्लिश बिअर. डब्यातला पातळ माल्ट अर्क वयाने काळवंडला होता. फिक्या बिअरमध्ये त्याची चव बोचली असती, इथे शोभली. मामीने पाठवलेला कोल्हापुरी गूळही दगडासारखा झाला होता, तो फोडून त्यातच घातला. साखर बहुतेक सगळी आंबते आणि मागे किंचित काकवीची चव राहते. मामीचे धने मात्र राखून ठेवलेत. बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये धने लागतातच; त्यातलं लिनालूल हॉप्समध्येही असतं. कुटून बघितले, अजून घमघमतात.

माल्टचा चोथा वाळवून दळला आणि भाजणीत मिसळला. थालीपीठं खुसखुशीत झाली. मामीला नक्की सांग.

इथे १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, तेव्हा तू घरात प्रयोग मांडू नकोस. डिसेंबरमध्ये मी आले की मुंढव्याला जाऊन पुण्यातली ताजी बिअर पिऊ.

एक विचारायचं आहे. हे वाचलेलं यीस्ट मला जपायचंय. ग्लिसरॉलमध्ये मिसळून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तर किती काळ टिकेल? आमचा फ्रीझर बर्फ साचू नये म्हणून मधूनमधून स्वतःच गरम होतो, त्याने पेशी मरतील का? की आगर स्लँटवर (नळीत तिरक्या गोठवलेल्या आगरच्या थरावर) वाढवून साध्या फ्रिजमध्ये ठेवू? तुमच्या एनसीएलच्या यीस्ट-संग्रहात काय करायचात ते लिही, म्हणजे पुढची बिअर करायच्या आधी नळ्या मागवते.

मामीला नमस्कार, चिंटूला पापा.

तुझी,
मनू