तर्कभाषेला प्रयोगशाळेत दोन तास द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला डेटाबेसवरचा लेख 'प्रश्न विचारा, उत्तर मिळवा' एवढ्यावर थांबला. मिळालेले उत्तर पाच मिनिटांत शिळे झाले तर काय करायचे? तंत्रनिकेतनात 26 वर्षे डेटाबेस शिकवूनही हा प्रश्न मला नीट भिडला तो निवृत्तीनंतर, उसाच्या बांधावर.

आमच्या गावच्या उपसा सिंचन संस्थेने पाण्याच्या पाळ्या संगणकावर मांडून मागितल्या. जॅकवेलपासून (पाणी उपसायच्या विहिरीपासून) मेन लाइन, तिला फुटलेल्या सब लाइन आणि एकूण 61 व्हॉल्व्ह. सेक्रेटरींचा रोजचा प्रश्न एकच असे: हा व्हॉल्व्ह बंद केला तर कुणाकुणाची पाळी चुकेल? पाटकऱ्याला (पाणी सोडणाऱ्याला) ते तोंडपाठ होते, पण तो आजारी पडला की सगळे अडायचे. मी आधी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, एसक्यूएल या त्याच्या प्रश्नभाषेत, रिकर्सिव्ह (स्वतःलाच पुन्हा बोलावणारी) क्वेरी लिहिली. उत्तर बरोबर आले, पण दर व्हॉल्व्हला ती पुन्हा चालवावी लागे. उत्तर साठवून ठेवणारा मटेरियलाइज्ड व्ह्यू तिथे आहे, पण ताजा करताना तोही सगळे पहिल्यापासून मोजतो.

मग मी तर्कभाषेकडे वळले, म्हणजे कसे मोजायचे ते न सांगता फक्त नियम सांगायच्या भाषेकडे. तिथे नियम दोनच. जॅकवेलला पाणी आहे. आणि ज्या ठिकाणी पाणी आहे तिथून निघालेल्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडा असेल, तर ती लाइन जिथे जाते तिथेही पाणी आहे. संपले. हे दोन नियम मी सेक्रेटरींना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मान डोलावली. एसक्यूएलचा एकही कागद त्यांना मी असा वाचून दाखवू शकले नव्हते.

मी वापरले ते एसडब्ल्यूआय-प्रोलॉग. प्रोलॉग ही भाषा 1972 च्या सुमारास फ्रान्समध्ये मार्सेला जन्मली. तिची ही ओपन सोर्स आवृत्ती 1987 पासून नेदरलँड्समध्ये वाढते आहे. नियमावर 'टेबल' आणि 'इन्क्रिमेंटल' अशी खूण केली की निघालेली उत्तरे ते साठवते आणि कोणते उत्तर कोणत्या नोंदीवर उभे आहे हेही लक्षात ठेवते. व्हॉल्व्हची नोंद बदलली की तिच्यावर विसंबलेली उत्तरेच तेवढी शिळी ठरतात आणि पुढच्या वेळी विचारल्यावर नव्याने निघतात. नावे मी देवनागरीतच ठेवली. प्रोलॉगमध्ये चल (व्हेरिएबल) ओळखायला पहिले अक्षर कॅपिटल लागते आणि आपल्या लिपीत कॅपिटल नाही, म्हणून प्रत्येक चलापुढे अंडरस्कोअर घातला, इतकेच.

खरी परीक्षा घेतली ती टोकाच्या शेतांनी. तिथे प्रेशर मिळावे म्हणून दोन लाइन एकमेकींना जोडल्या आहेत. साध्या प्रोलॉगमध्ये नियम असे लिहिले तर या वेटोळ्यात तो कायमचा फिरत राहतो, टेबलमुळे सुटतो. व्हॉल्व्ह बंद होतो तेव्हाची गोम आणखी खोल आहे. चौथ्या चेंबरला पाचव्याकडून पाणी येते आणि पाचव्याला चौथ्याकडून, अशी नोंद असेल, तर वरून पुरवठा तुटला तरी दोघे एकमेकांच्या भरवशावर कागदोपत्री ओले राहतात. प्रत्येक उत्तराला किती आधार आहेत ते नुसते मोजून हे सुटत नाही. 1993 मध्ये आशिष गुप्ता, इंदरपाल मुमिक आणि व्ही. एस. सुब्रमण्यन यांनी त्यावर उपाय मांडला: संशय येईल ते सगळे आधी पुसा, मग ज्याला दुसरा खरा आधार उरला आहे ते परत आणा. आमचा पाटकरीही हेच करायचा. सगळी शेते कोरडी धरायची आणि मग कुठे पाणी फिरते ते चालत जाऊन बघायचे.

या विषयाशी आपले नाते जुने आहे. पवईच्या आयआयटीतले प्रा. एस. सुदर्शन यांचा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात घडलेल्या 'कोरल' या तार्किक डेटाबेसच्या बांधणीत, मोठा वाटा होता. त्यांनी सहलेखन केलेले पाठ्यपुस्तक आपली मुले आजही अभ्यासतात. तरी माझ्या पाहण्यातल्या प्रयोगवह्यांत डेटालॉगचा, म्हणजे डेटाबेससाठीच्या अशाच तर्कभाषेचा, एकही प्रयोग नाही. माझ्या वर्गातही नव्हता, आणि त्याची मला खंत आहे.

साधने निवडताना 'फुकट' आणि 'ओपन सोर्स' यांत गल्लत होऊ नये. डेटालॉगमध्ये प्रश्न विचारता येणारे डेटॉमिक 2023 पासून विनामूल्य मिळते, पण त्याचा सोर्स खुला केलेला नाही. त्याच धर्तीचे, ब्राउझरमध्ये चालणारे डेटास्क्रिप्ट पूर्ण खुले आहे. ते आपण होऊन उत्तर ताजे करत नाही, पण बदल झाल्याचे कळवते. बदल झाला की तेवढाच हिशेब पुन्हा करणारे, फ्रँक मॅकशेरी आणि सहकाऱ्यांचे डिफरन्शियल डेटाफ्लो खुले आहे. त्यावर उभारलेल्या डिफरन्शियल डेटालॉगचे काम थांबले, तरी त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. मुलांना आतले यंत्र दाखवायचे असेल तर मला हेच हवे.

डेटाबेसच्या प्रयोगशाळेत या विषयाला दोन तास द्यावेत, एवढीच अभ्यास मंडळांना विनंती आहे. जुन्या संगणकांवरही हे चालते, लायसन्सचा रुपया लागत नाही. सांगली-कोल्हापुरातल्या कोणत्याही महाविद्यालयाने बोलावले तर शेतकऱ्यांची नावे काढून 61 व्हॉल्व्हची ही फाइल घेऊन मी स्वतः येईन.

आपली,
एक निवृत्त अधिव्याख्याता, ता. पलूस, जि. सांगली