लाल बटणावरचं बोट

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. (पत्र आईही वाचणार, म्हणून एवढं तरी रीतसर.)

आपल्या लहानपणच्या खोट्या रेडिओ केंद्राची कॅसेट पोचली. मोज्यात गुंडाळून पाठवलीस ते बरं केलंस, डबीचं झाकण तेवढं तडकलंय. पण ती वाजवायची कशावर? शेवटी ऑफिसातल्या एकाच्या माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर निघाला. आतला रबरी पट्टा वितळून अगदी डांबर झालेला. ते खरवडून, चाकं स्पिरिटने पुसून, नवा पट्टा चढवेपर्यंत दोन रविवार गेले. कॅसेटही आधी पेन्सिल घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताने फिरवून घेतली. इतकी वर्षं पडून राहिलेली, कुठे चिकटून बसली असेल तर तुटायची. मग प्ले दाबलं.

आधी नुसता सूंऽऽ. मग विहिरीच्या तळातून यावं तसं कोणीतरी पुसट "इयम् आकाशवाणी" म्हणालं, आणि दोनेक सेकंदांनी तेच खणखणीत. अंगावर काटाच आला गं! नंतर कारण वाचलं. गुंडाळलेल्या टेपच्या एका वेढ्याचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर थोडं उतरतं, त्यामुळे मोठ्या आवाजाची सावली त्याच्या आधीच ऐकू येते. कारण कळलं तरी काटा यायचा तो येतोच.

आवाज अर्थात जुळ्यांपैकी थोरल्याचा. सात मिनिटांनी थोरला, पण रुबाब सात वर्षांचा. "संप्रति वार्ताः श्रूयन्ताम्" इथपर्यंत त्याचं पाठ, आणि पुढे बातम्यांच्या त्याच गंभीर चालीत "देवः देवौ देवाः". संबोधनापर्यंत सगळ्या विभक्त्या म्हणतो, मध्ये एकदा पानं उलटल्याचा आवाजही करतो. धाकटा कंगव्यावर कागद धरून आकाशवाणीची सुरुवातीची धून वाजवतो, ती मात्र खरंच ओळखू येते. ती धून बांधणारा वॉल्टर कॉफमन युरोपातून मुंबईला आलेला निर्वासित होता, हे मला इतक्या उशिरा, इकडे आल्यावर कळलं.

आणि निवेदक मी. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून "हा मी नाही, यंत्र बिघडलंय" म्हणून रडलो होतो, आठवतं? आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो आपल्याला भारदस्त वाटतो. टेपवर फक्त हवेतला उतरतो, चिरका. म्हणजे तुम्हा सगळ्यांना मी कायमच तसा ऐकू येत होतो. सांगितलं नाहीत, उपकार झाले.

पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. दोन्ही बाजू तीनदा ऐकल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये तुझा आवाज कुठेच नाही.

तू आहेस, पण 'खट्' म्हणून. प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी एक खट्, संपला की एक. रेकॉर्डिंगचं लाल बटण आणि प्ले एकदम दाबायचं, एकही आधी-नंतर झालं तर चालायचं नाही, आणि ते फक्त तुलाच जमायचं. "चालू झालं" हेसुद्धा तू तोंडाने म्हणायची नाहीस, नुसती दोन बोटं खाली करायचीस. "एकाने तरी गप्प बसायला हवं," असं तुझं म्हणणं. आम्ही गप्प बसलो की पंख्याची घरघर हळूहळू फुगत जाते, कोणी ओरडलं की एकदम दबते. आवाजाची पातळी यंत्र आपोआप सांभाळायचं, त्याचा हा प्रताप. त्या घरघरीत मी तुझा श्वास शोधत बसलो होतो. वेडेपणाच.

एकदाच सापडलीस. हवामानाचा अंदाज सांगताना ढगांच्या गडगडाटाचा पत्रा धाकट्याच्या पायावर पडतो, तो "आई गं!" म्हणतो, आणि लांबून कुणीतरी फिस्सकन हसतं. अर्धा सेकंद, आणि लगेच खट्. स्वतःचं हसू तू स्वतःच कापलंस.

खरं तर केंद्र तूच चालवत होतीस. सेल उतरत आलेले असताना केलेल्या बातम्या नवे सेल घातल्यावर उंदरासारख्या चिवचिवाटात ऐकू आल्या, तेव्हा आम्ही कॅसेटला दोष दिला. तू वहीत सरळ लिहिलंयस, "रेकॉर्ड करताना टेप हळू फिरली, आता नीट फिरते." मला टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, हे शिकायला इंजिनीअरिंगपर्यंत जावं लागलं. तुझ्या शेजारच्या पानावर आणखी एक नोंद आहे, "शेवटी शेवटी नंबर सावकाश पडतात." बरोबर आहे. तो तीन आकडी काउंटर मिनिटं मोजतच नव्हता, चाकाचे फेरे मोजत होता. टेप जमून चाक जाड झालं की फेरे कमी. बारा वर्षांची होतीस तू!

वही पाठवलीस ते मुद्दाम का गं? की मोज्यांसारखीच हाताला लागली म्हणून? बी बाजूच्या पानावर, रेघा मारून, तुझ्या नेटक्या अक्षरात: ३०५ संस्कृत बातम्या, ३५१ क्रिकेट समालोचन, ३९८ निवेदकाची माफी (ती कशाबद्दल, हे टेपवरूनही कळत नाही). ४१२ ला सगळं संपतं. आणि खाली, आकड्याविना, "ताई – ३ मिनिटं".

मला हे आठवतच नाही. काय म्हणणार होतीस? त्याच सुट्टीत जुळ्यांच्या बाबांची बदली झाली, मग कार्यक्रमच बंद पडला, एवढं आठवतं. तू कधी विषय काढला नाहीस आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

डिसेंबरात इथून एकजण येतोय, त्याच्याबरोबर कॅसेट परत पाठवतो. घाबरू नकोस, सगळं संगणकावर उतरवून घेतलंय. सोबत एक नवा पट्टा आहे, आपल्या कपाटावरच्या टेपरेकॉर्डरला बसायला हवा, नाहीतर मोजून कळव. कोणी पुसू नये म्हणून तू कॅसेटच्या मागच्या दोन्ही खिट्ट्या तोडल्या आहेस, त्यामुळे लाल बटण खालीच जाणार नाही. बी बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लाव, मग जाईल. ४१२ नंतर साधारण चार मिनिटं टेप कोरी आहे, मी मोजली.

बटण मात्र आईला दाबायला सांग.

तुझा,
निवेदक